आज ऊन बरं हाय

कुणी तिची तारीफ करायला लागलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी जे लिहीन त्यातलं सरळ किती आणि वाकडं किती, ते वाचणाऱ्याला आपलं आपण ठरवता येईल.

हिंजवडीतल्या एका होस्टिंग कंपनीत आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. होस्टिंग म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवून घ्यायच्या आणि त्या अखंड चालू राहतील याची काळजी वाहायची. शेजारच्या मारुंजीत लोक खोल्या भाड्याने देतात, आम्ही सर्व्हरवरची जागा द्यायचो, एवढाच फरक. मी पुण्यातला. इंग्रजी बरं, शर्ट इस्त्रीचा. ती मुळशीतल्या रिह्याची, भातशेतीवाल्या घरातली. स्कूटरवर यायची. हेल्मेट काढलं की केस कपाळाला चिकटलेले असायचे, आणि आल्या आल्या आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काल राती कुणाचं काय बंद पडलं का रं?"

ईमेल तिला सोसत नसे. शेजारच्या टेबलावरून कुणी तिला मेल पाठवला की ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. "दोन हातांवर मी बसलेय आन् माझा निरोप पार समुद्रापल्याड जाऊन माघारी येणार? वीज काय झाडाला लागते व्हय?" मग ती उभ्यानेच, ओरडून उत्तर द्यायची. आधी लोक हसले. नंतर तेही उभे राहून ओरडायला लागले. आमच्या मजल्याची अगदी मंडई झाली. मला ते असह्य व्हायचं. पण कामं पटापट हातावेगळी होत होती, आणि ते मला जास्त असह्य व्हायचं.

सर्व्हरची खोली त्या काळी इतकी गार ठेवत की आत जाताना स्वेटर घालावा लागे. मी साहेबांना एक सविस्तर मेल लिहिला होता. तापमान थोडं वाढवलं तर सर्व्हरना काही होणार नाही, एसीची वीज मात्र बरीच वाचेल. सोबत आलेख जोडले होते. उत्तर आलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी तिने कुणालाही न विचारता एसीचं तापमान वाढवून टाकलं. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून झाप झाप झापलं. आम्ही काचेतून बघत होतो. ती बाहेर आली आणि म्हणाली, "लई तापलेत. सर्व्हर न्हाई, साहेब."

सगळा मजला हसला. पुढचं वीजबिल आलं तसे साहेब निवळले, आणि मोठ्या मीटिंगमध्ये त्यांनी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. माझ्या मेलबद्दल मी कुणाकडे बोललो नाही. बोललो असतो तरी तो उघडून कुणी वाचला असता, असं मला वाटत नव्हतं.

तर ती नोकरी सोडून गेली तेव्हा मला मोकळं वाटलं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, पुढे काय? ती म्हणाली, "हेच काम. पर उन्हावर."

रिह्यात तिच्या भावांनी आपापल्या वाटणीची जमीन फार्महाउसवाल्यांना विकली होती. हिने विकली नव्हती. तिच्या तुकड्यावर ओढ्याकाठी पत्र्याची एक शेड होती, पेंढा ठेवायची. त्या पत्र्यावर तिने सोलर पॅनेल बसवले. आत बॅटऱ्या आणि आमच्याच कंपनीने मोडीत काढलेले सर्व्हर. पावसाळ्यात मुळशीत ऊन दडी मारतं, पण तेव्हा ओढा दणदणून वाहतो. म्हणून तिने वरून पाइपाने पाणी खाली आणलं आणि त्या जोरावर फिरणारं एक छोटं जनित्र बसवलं. मग ती वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन म्हणाली, माझ्या घरचा मीटर काढून न्या. तिथला कारकून म्हणाला, "आक्का, लोक मीटर द्या म्हनून चकरा मारत्यात. परत घ्या म्हनून आलेलं माणूस आमी पयल्यांदाच बघतोय."

गावात तिला सगळे आक्का म्हणत. गिऱ्हाइकंही म्हणायला लागली. मी तिला नावानेच हाक मारायचो, आणि त्याचाही मला थोडा अभिमान होता.

पहिल्या पावसाळ्यात मी रिह्याला गेलो. सगळ्यांना सांगितलं की भेटायला चाललोय. खरं म्हणजे कितपत फसलंय ते बघायला चाललो होतो. शेडचं दार ढकललं आणि आतून ऊबदार हवेचा झोत अंगावर आला. सर्व्हरच्या मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते. आमच्याकडे ती घालवायला एसी ठेवावे लागतात. इथे त्या हवेसमोर दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि दोऱ्यांवर दुपटी, झबली, लंगोट आणि कुणाची तरी शाळेची पँट. मुळशीत आषाढात दोन दोन आठवडे कपडे वाळत नाहीत. वाडीतल्या तीन-चार बायका जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. एक तांदूळ निवडत होती, एक बाळाला पाजत होती.

"ये," ती म्हणाली. "पायमोजे काढ. तितं टाक, त्या लाल दुपट्याशेजारी."

मी काढले. चहा होईपर्यंत ते वाळले. परत येताना गाडीत मला एकच गोष्ट आठवत होती. आमच्या सर्व्हरच्या खोलीत आजवर कामाशिवाय कुणीही पाऊल टाकलेलं नव्हतं.

गिऱ्हाईक घेण्याची तिची तऱ्हा आमच्या मार्केटिंगवाल्यांना सांगितली तर ते रजेवर जातील. ती उलटतपासणी घ्यायची. "तुमची साइट राती कोण बघतं?" कुणी नाही, असं उत्तर आलं की ती साइट रात्री झोपवायची. फोटो लहान करून मागायची. पौडच्या बाजारात मुलाणीचाचांचं तांदळाचं दुकान आहे, आंबेमोहोर आणि इंद्रायणी विकतात. त्यांनी हौसेने दुकानाचे मोठमोठे फोटो काढून आणले होते. ती म्हणाली, "चाचा, तांदूळ दाखवायचाय ना? जमिनीची मोजणी न्हाई करायची. बारकं करा." चाचांनी केले. आमच्याकडे असं कुणाला म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कंपनीत.

आणि प्रत्येक साइटच्या कोपऱ्यात तिची एक ओळ असायची. रोज सकाळी पॅनेल पुसून झाले की ती आभाळाकडे बघून लिहायची. "आज ऊन बरं हाय." किंवा "ढग हायेत. फोटो उशिरा दिसतील, तवर मजकूर वाचा." एकदा नुसतंच, "पॅनेलवर माकडं बसलीत. हाकलून येते." लोक ती ओळ वाचायला साइट उघडायचे. तांदूळ नको असलेले लोक तांदळाची साइट उघडायचे. कंपनीचा ब्लॉग मी लिहायचो, महिन्यातून दोनदा, संदर्भांसकट. तो वाचणारा एकच माणूस मला ठाऊक होता, आणि तो त्यातले र्‍हस्व-दीर्घ तपासायचा.

मग एक दिवस बायको म्हणाली, "माझ्या क्लासची साइट मी आक्कांकडे हलवतेय."

आमच्या महाळुंग्याच्या सोसायटीत ती मुलांना चित्रकला शिकवते. तिची साइट आमच्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, फुकट. मी विचारलं, "काय कमी पडलं?"

"काही नाही."

"मग?"

"अरे, तुमच्याकडे बंद पडली तर मला मेल येतो. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्यांच्याकडे बंद पडली तर त्या फोन करतात आणि विचारतात, आज मुलांनी काय काढलं?"

 मी म्हटलं, हलव.

त्याच सुमारास आमच्या कंपनीने पर्यावरणाचं मनावर घेतलं. कुठल्याशा लांबच्या पवनचक्क्यांच्या विजेची प्रमाणपत्रं विकत घेतली, वीज मात्र पहिलीच, आणि बोधचिन्हावर एक हिरवं पान आणलं. ते सगळं माझ्याकडे होतं, आणि मी ते मन लावून केलं होतं. तिला फोनवर दाखवलं. तिने चित्र मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं.

"कशाचं पान हाय रं हे?"

"कशाचं म्हणजे? पान. हिरवं."

"आंब्याचं न्हाई. करंजाचं न्हाई. कुड्याचं बी न्हाई." ती खरंच विचार करत होती. टिंगल असती तर मी सहन केली असती. दुसऱ्या दिवशी मी ते काढणाऱ्या मुलीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

मग मात्र मी भांडलो. मी तिला सांगितलं की तुझं हे खेळणं आहे. एका साइटमागे जी वीज तुझ्या जुन्या सर्व्हरना लागते त्याच्यापेक्षा आमच्या मोठ्या यंत्रांना कमी लागते. सगळं जग काही पेंढ्याच्या शेडमध्ये मावणार नाही. कुणीतरी मोठ्या प्रमाणावर सुधारायला हवं, आणि ते काम कंटाळवाणं असतं, त्याच्यावर कुणी दुपटी वाळत घालत नाही. मी बरंच बोललो. ती ऐकत राहिली.

"खरं हाय तुझं," ती म्हणाली. "तू मोठं सुधार. मी बारकं बघते."

वाद घालायला आलेल्या माणसाला असं उत्तर देऊ नये. त्याने जायचं कुठे?

आणि मग तो आषाढ आला. पाऊस असा लागला की रिह्याच्या खोऱ्यात दिवसाही दिवे लावावेत. पण दिवे नव्हतेच, कारण विजेचे खांब आडवे झाले होते. ओढ्याला लोंढा आला आणि तिचा पाइप उखडून घेऊन गेला. ऊन नाही, जनित्र नाही, उरलेल्या फक्त बॅटऱ्या. इंटरनेटची केबल तेवढी जमिनीखालून आलेली, म्हणून शाबूत.

दुपारी तिने सगळ्या गिऱ्हाइकांना एकत्र फोन लावला. बायकोने स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"वीज पुरणार न्हाई," ती म्हणाली. "सगळ्यांच्या चालवल्या तर सांजपातूर सगळ्याच जातील. ती सापाची साइट चालू ठिवायला पायजे. कोण थांबतंय, सांगा."

सापाची साइट म्हणजे मुळशीतल्या काही सर्पमित्रांनी केलेलं एक साधं पान. कुठल्या गावात साप पकडणारं कोण आहे, आणि सर्पदंशावरचं औषध आज कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, एवढंच त्यावर. ती माणसं रोज दवाखान्यांना फोन करून ते ताजं ठेवत. भाताच्या लावणीचे दिवस, माणसं चिखलात उतरलेली. त्याच दिवसांत त्या पानाची गरज.

सगळ्यात आधी मुलाणीचाचा बोलले. "माझी बंद करा आक्का. तांदूळ काय पळून चाललाय?" मग बायको म्हणाली, माझीही करा. मग ट्रेकिंगवाली मुलं. मग कुणी दिवाळीचे कंदील विकणारी बाई, ती तर म्हणाली, आषाढात कंदील कोण घेतंय. एकामागून एक आवाज येत होते, आणि प्रत्येक आवाजात कसला तरी आनंद होता, पंगतीत शेजाऱ्याला सरकून जागा करून देताना होतो तसा.

आदल्याच दिवशी आमच्याकडे एक सर्व्हर जेमतेम मिनिटभर थांबला होता. त्या मिनिटासाठी एका गिऱ्हाइकाने मला फोनवर जे शब्द ऐकवले ते मी बायकोलाही सांगितले नव्हते. आणि इथे लोक रांगेत उभे राहून आपली दुकानं बंद करून घेत होते. माझ्या छातीत जे झालं त्याला मत्सर याखेरीज दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

शेवटी चाचांनी विचारलं, "आता सापाची किती टिकंल?"

"उद्यापातूर. पुढचं आभाळावर."

मी पुढे झालो आणि फोनकडे वाकून म्हणालो, "ती साइट माझ्याकडे दे. आमच्या सर्व्हरवर आत्ता हलवतो."

 बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, नवऱ्याचं मन किती मोठं. मला मात्र त्या क्षणी फोनवरून नकार यायला हवा होता. तत्त्वासाठी ती अडून बसली असती, माझी साइट तुमच्या कोळशाच्या विजेवर नको म्हणाली असती, तर मला जन्मभर बोट दाखवायला जागा मिळाली असती.

"घे की!" ती ओरडली. "लगीच घे. तुझ्या कंपनीला चालंल का न्हाई, म्हनून मी गप ऱ्हायले व्हते. थांब, सगळं पाठवते."

चहा गार व्हायच्या आत साइट आमच्याकडे होती. साहेबांना मी फोनवर सांगितलं, तेही हो म्हणाले. संध्याकाळी मी ती उघडून पाहिली. कोपऱ्यात तिची ओळ होतीच. "ही साइट सध्या माझ्या जुन्या दोस्ताच्या घरी पाव्हणी हाय. वीज त्याची हाय, नाव त्याचं घ्या."

ती ओळ लोकांनी एकमेकांना पाठवली. ट्रेकिंगवाल्यांच्या गटात, सर्पमित्रांच्या गटात, आमच्या सोसायटीच्या गटातसुद्धा. सोबत लोकांनी लिहिलं होतं, बघा आक्कांचा मोठेपणा, श्रेय स्वतः घेत नाहीत. माझं नाव कुणी घेतलं नाही, कारण ते त्या ओळीत नव्हतंच. माझ्या सर्व्हरवर, माझ्या विजेवर चाललेल्या साइटवरून तिची कीर्ती गावभर होत होती, आणि मी ती सुरळीत चालू ठेवत होतो.

त्या आठवड्यात रिह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत लावणी करताना एका बाईला घोणस चावली. तिच्या दिराने फोनवर ते पान उघडलं. जवळच्या दवाखान्यातलं औषध संपलंय, पलीकडच्या गावात आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. ते तडक तिकडे गेले. बाई वाचली. हे आम्हाला सर्पमित्रांकडून कळलं.

पाऊस ओसरला, पाइप पुन्हा बसला, आणि साइट परत द्यायची वेळ आली. ते फोनवर झालं असतं. तरी मी एका रविवारी सकाळी रिह्याला गेलो. का गेलो ते सांगतो. तिथे कुणीतरी माझं नाव घेताना मला एकदा ऐकायचं होतं.

आम्ही अंगणात बसलो होतो. बांधावरून एक बाई आली, पाय अजून किंचित ओढत चालणारी. मागे तिचा दीर. तिच्या हातात भाताचं तूस भरलेली एक टोपली होती आणि तुसात गावठी अंडी. ती सरळ आक्कासमोर जाऊन उभी राहिली.

"आक्का, ही घ्या. घरच्या कोंबड्यांची हायेत."

"माझी न्हाईत ती," ती म्हणाली. "ह्याला दे. त्या दिशी साइट ह्याच्या सर्व्हरवर चालत व्हती. माझ्याकडं तर दिवा लावाय वीज नव्हती."

बाईने मला नीट न्याहाळलं. माझे बूट, माझी गाडी. मग पुन्हा तिच्याकडे वळली.

"तुमी मागितलं, म्हनून दिली असंल त्यांनी."

"न्हाई गं. मी कुटं मागितलं? ह्यो आपण होऊन म्हनला."

बाईने टोपली दुसऱ्या हातात घेतली. "पर साइट तुमची व्हती, म्हनूनच म्हनले असतील न्हवं?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. दीरही. आक्काने तर अगदी निरागसपणे भुवया वर केल्या होत्या, तिलाही उत्तर हवं होतं.

"हो," मी म्हणालो. "म्हणूनच."

बाईचं समाधान झालं. तिने तुसात हात घातला, दोन अंडी काढली, पदराला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बाकीची टोपली आत नेऊन चुलीशेजारी ठेवून आली.

निघताना मी ती अंडी रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली. रिह्याहून महाळुंग्यापर्यंत रस्त्याला खड्डे किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. एक टेम्पोवाला शेजारून जाताना खिडकीतून काहीतरी बोललाही. मी वेग वाढवला नाही.

घरी आल्यावर रुमाल ओट्यावर उघडला. बायकोने एक अंडं उचलून उजेडात धरलं.

"गावठी दिसतायत. आक्कांची का?"

"नाही," मी म्हणालो. "माझी."